ओर्मोनचा कुकर

कुकर तुम्ही फोडलात, कचेरीवाल्यांनो. हातोडी तुमच्या नोकराच्या हातात होती, पण हुकूम तुमचा होता. मुर्गाबच्या बाजारात, बुरुलचाच्या डोळ्यांदेखत, तिच्या नवऱ्याच्या कुकरच्या बुडाला तीन भोकं पाडलीत आणि वर तिच्याकडून आभाराच्या कागदावर सही घेतलीत.

मुर्गाबच्या उंचीवर पाणी लवकर उकळतं, मांस काही शिजत नाही. तिच्या सासूने जन्मभर कढईवर झाकण, झाकणावर दगड ठेवून पहाटेपासून जाळ घातला, तरी मेंढीचं मांस दोरखंडासारखंच लागायचं. मग रशियनांच्या काळात ट्रक चालवणाऱ्या ओर्मोनने खाली ओश शहरातून तो कुकर आणला. जाड ॲल्युमिनियमचा, झाकणावर आडवी पट्टी, पट्टीत हाताने आवळायचा स्क्रू. रबर झिजलं की ओर्मोन ट्रकच्या ट्यूबमधून नवं कापायचा. पुढे चीनच्या बाजूने शिट्टीवाले हलके कुकर आले. शेजारणींनी हौसेने घेतले, दोन हिवाळ्यांत त्यांची बुडं वाकली. ओर्मोनचा चालतच राहिला. ओर्मोन गेला तरी चालला.

मग तुमची गाडी आली. विजेचे कुकर, बटणांचे, लाल आकडे दाखवणारे. "जुने कुकर फुटतात, जुना द्या, नवा घ्या," भोंगा ओरडत होता. कागदावर छापलं होतं, चाळीस मिनिटांत मांस, सरपण लागत नाही. सरपणाची झुडपं गावाभोवती कधीच उपटून संपली होती. बुरुलचा त्यांच्यासाठी अर्धा दिवस चालायची. कोणती बाई नाही म्हणेल?

हिवाळ्यात गावाला वीज किती तास असते, हे त्या कागदावर नव्हतं.

ओर्मोनला जाऊन वर्ष झालं. वर्षाच्या जेवणासाठी मेंढी कापली. आमच्यात हाडं मानाने वाटतात. कमरेचं हाड सगळ्यांत थोर पाहुण्याला. ते थोरल्या जोरोबायना जायचं होतं. ओर्मोनच्या मयताला शेवटची अंघोळ त्यांनीच घातली होती.

दहाला वीज आली, वीस मिनिटांत गेली. परत आली तेव्हा यंत्र पुन्हा चाळीसपासून मोजायला लागलं. असं चारदा. शेजारचा कुकर मागावा, तर साऱ्या गल्लीचे कुकर भोकं पाडून तुमच्याच ढिगात पडलेले.

"वहिनी," धाकटी जाऊ म्हणाली, "दिवे छान लागतात हो याचे. पाहुण्यांना तेच दाखवा."

शेवटी कढई चढवली. उशीर झाला होता. पाहुणे बसले, हाडं वाटली गेली. जोरोबायनी सुरी लावली, सुरी अडकली. एक तुकडा तोंडात धरून ते बराच वेळ बसले. मग हाड रुमालात बांधत म्हणाले, "नातवंडांना नेतो, सूनबाई. त्यांनाही ओर्मोनची आठवण राहील."

उरलेलं घरी नेण्याची रीत आहेच. पण मानाचं हाड पंगतीत सोलून वाटायचं असतं. बुरुलचाला कळलं आणि म्हाताऱ्यालाही कळलं की तिला कळलंय. तिने चहा ओतला.

मेंढीला कमरेची हाडं दोन असतात. दुसरं तिने पुढच्या सकाळी ताटात घातलं आणि तुमच्या कचेरीत आणलं.

"बसा ना एजे," तुमचे साहेब थोरल्या बहिणीला म्हणावं तसं म्हणाले. "मशीन बिघडलं का? वॉरंटी आहे."

"मशीन ठणठणीत आहे. तुम्ही आज थोर पाहुणे. मानाचं आहे, घ्या."

पुढे आलेलं ताट न चाखता परत करणं साहेबांनाही जमण्यासारखं नव्हतं, तेही इथलेच. त्यांनी चावा घेतला. जबडा थांबला. दारातला शिपाई खिडकीकडे बघायला लागला.

"कच्चं आहे हे," साहेब म्हणाले.

"हेच मी ओर्मोनच्या नावाने वाढलं. माझ्या कुकरमध्ये ते मऊ झालं असतं. तो चाळीस वर्षांत एकदाही फुटला नाही. तुम्ही फोडलात." तिने खुर्ची ओढली आणि टेबलासमोर बसली. "वीज नाही हे तुम्हाला माहीत होतं. मग भोकं कशाला पाडलीत? तोंडातलं गिळा, साहेब, आणि सांगा. मी बसलेय."