मांडवातला खो

गुडघ्याचं ऑपरेशन झालं की माणसाला दोन गोष्टी मिळतात. एक पट्टा आणि एक खुर्ची. पट्टा डॉक्टर देतात. खुर्ची मला पावणे गावातल्या आमच्या घराने दिली, लाल, प्लास्टिकची, आणि नऊ महिने ती माझ्या मागे मागे फिरली. देवळात खुर्ची, बारशाला खुर्ची. मला तिचा वीट आला होता, आणि खरं सांगायचं तर तिच्यावाचून माझं पानही हलत नव्हतं.

मी निशिगंधा. खो-खो खेळते. खेळते म्हणायचं की खेळत होते, हाच तर सगळा घोळ होता. गेल्या वर्षी सामन्यात पाठीवर खो पडला, मी उसळले, वळले आणि गुडघ्यात टक् झालं. लिगामेंट गेलं. मग ऑपरेशन, वॉकर, पट्टा, एकेक करून सगळं मागे पडलं. आता मी पळत होते, जिने चढत होते, उकिडवी बसतही होते. फक्त तसं बसलेलं असताना मागून हात पडला की झटकन उठणं होत नव्हतं. पाठीमागे नुसती चाहूल लागली तरी माझे दोन्ही हात गुडघा धरायचे. आणि खो-खोत तर सगळा खेळ त्या उठण्याचाच.

माझ्या फिजिओ ऋता मॅडम. त्यांनी शेवटच्या तपासणीला पाय सगळीकडून ओढूनताणून पाहिला. "गुडघा कधीच तयार झालाय," त्या म्हणाल्या. "आता तुझं काय ते बघ." आमचे कोच केतन सर त्याहून थोडक्यात बोलले. "रविवारी जिल्ह्याचं सिलेक्शन आहे. पाटीवर खो घ्यायला बसलीस तर तुझं नाव, नायतर दुसरीचं. टेन्शन घेऊ नको." टेन्शन घेऊ नको म्हणणाऱ्यांना खरं तर दंड लावायला हवा. मला रात्रंदिवस तेवढंच दिसत होतं, माझ्या जागेवर बसलेली दुसरी कुणीतरी.

घरात 'खो' हा शब्दच बंद होता. पुतळा आत्याचा हुकूम. ही माझ्या वडिलांची बहीण माझा एकही सामना चुकवत नसे, आणि एकही नियम माहीत नसताना पंचांशी भांडत असे. मी पडले तेव्हा मैदानात सगळ्यांच्या आधी तीच धावली होती. आता ती मला टोमण्यांनी बरं करत होती. "नऊ म्हयन्यांत पोर व्हतं, हिचा गुडगा काय व्हयना."

शनिवारी मिथुनदादाची हळद होती. दारात मोठा मांडव पडला होता आणि दुपारपासून बायका मधोमध ओळीने कांदे चिरत बसल्या होत्या. मी कडेला खुर्चीवर लसूण सोलत होते. तेवढ्यात उरणहून एक म्हातारे पाहुणे आले, आणि आत्याने सरळ माझी खुर्ची काढून त्यांना दिली. "बस खाली, राजकन्ये." ओळीत तिच्यापुढेच काय ती जागा होती. मी तिच्याकडे पाठ करून उकिडवी बसले.

रात्रीच्या मटणाचा बोकड मांडवाच्या खांबाला बांधलेला होता. बांधणारे देवजी काका. त्यांची निम्मी हयात खाडीत होडीवर गेली, त्यामुळे त्यांना गाठ येते ती होडीची, एका झटक्यात सुटणारी. भरतीच्या वेळी पटकन निघता यावं म्हणून ती तशी मारतात. बोकडाला भरतीशी काही देणंघेणं नव्हतं. त्याने झटका दिला.

"अरं धरा त्याला," काका ओरडले. बोकड मांडवभर उधळला. बायकांच्या हातात सुऱ्या, पुरुषांच्या हातात चहा, कुणीच उठेना. आणि माझ्या पाठीत सणसणीत थाप बसली, मागोमाग आत्याचा पहाडी आवाज.

"खो!"

मी उठले. कशी उठले ते मला आजही सांगता येत नाही. बोकड पुढे, मी मागे. तो टोपल्या उडवत बायकांच्या ओळीतूनच पलीकडे घुसला. मलाही घुसता आलं असतं. पण खो-खोत पाठलाग करणारीने मधली ओळ ओलांडायची नसते, खांबाला वळसा घालूनच पलीकडे जायचं असतं, आणि मांडव कुठला नि मैदान कुठलं हे माझ्या पायांना कळत नव्हतं. मी धावत जाऊन मांडवाचा खांब धरला, ऑपरेशनच्या त्याच पायावर गर्रकन वळले आणि समोरून येणाऱ्या बोकडावर सूर मारला. दोरी हातात आली.

सगळे माझ्या गुडघ्याकडे बघत होते. आई पळत आली. "दुखतंय का गं?"

मी पाहिलं. गुडघ्याला कांद्याची सालं चिकटली होती. बाकी काही नव्हतं. मला इतका आनंद झाला की मी बोकडाच्याच गळ्यात पडून रडले.

आत्या तोंडावर हात ठेवून उभी होती. तिचे डोळेही भरले होते, पण तिने ते कांद्यावर ढकलले. "कशी बोलले बाय, त्वांडातून निसटलाच," ती पुटपुटली.

"आत्या, खो हलक्या हाताने द्यायचा असतो. अशी थाप मारली तर फाऊल धरतात," मी नाक पुसत म्हटलं.

"मंग उठलीस कशाला?"



बोकड वाचला असेल असं कुणाला वाटेल. नाही वाचला. रस्सा झकास झाला होता, आणि मी तो पंगतीत खाली मांडी घालून ओरपला.

रविवारी आत्या लाल खुर्ची घेऊन मैदानावर हजर. या खेपेला खुर्ची तिच्यासाठी होती. केतन सरांनी काही न विचारता मला पाटीवरची माझी जागा दाखवली. मी बसले. नजर समोर, पाठ उघडी. मागून पळणाऱ्या पावलांचा आवाज जवळ येत होता, लांब जात होता, पुन्हा जवळ येत होता. माझे दोन्ही हात जमिनीवर होते. खो कधी एकदा पडतोय असं मला झालं होतं.