चष्मेवाल्याच्या फुगलेल्या बाहुल्या

चष्मेवाल्याच्या दुकानाच्या दारावर पिवळ्या पेल्यांसारख्या फुलांचा एक वेल भलताच माजला होता. सकाळी बायकोने बजावलं, "अहो, छाटताना हातमोजे घाला. विषारी आहे तो. चीक डोळ्यांत गेला तर बाहुल्या फुगतात."

"बावीस वर्षं लोकांचे डोळे तपासतोय मी. मला डोळे शिकवतेस?" असं म्हणून गडी उघड्या हातांनी वेल छाटायला लागला, आणि घाम आला तसे दोन्ही डोळे खसाखसा चोळून मोकळा झाला.

अर्ध्या तासात बाहुल्या कोटाच्या बटणांएवढ्या झाल्या. ऊन सुयांसारखं टोचू लागलं, सगळं जग धुक्यात बुडालं. पण डोळे गेले तरी चालतील, बायकोचं "तरी मी सांगत होते" ऐकायची त्याची तयारी नव्हती. भिंत चाचपत तो आत शिरला आणि खुर्चीत ऐटीत बसला.

"डोळे घुबडासारखे का झालेत?" बायकोने विचारलं.

"तुला बघून विस्फारले."

"हो का? मग समोरच्या तक्त्याची शेवटची ओळ वाचा बरं."

तक्ता त्याला तोंडपाठ होता. समोरच्या पांढऱ्या, धूसर आकाराच्या पार तळाशी रोखून बघत त्याने घडाघडा म्हटलं, "ग, फ, ठ, ण, ल! चुकलं एखादं अक्षर?"

"एकही नाही. पण तक्ता मी सकाळीच पुसायला काढलाय. समोर माझी आई बसलीय, चष्मा न्यायला आलेली."

"जावईबापू," पांढरा आकार बोलला, "माझ्या चपलांवर एवढं सगळं लिहिलंय? तरी पोरगी सांगत होती!"