अंगणातला ठिपका

पंकजाच्या मोबाईलमधल्या नकाशावरचा ठिपका चार दिवस जागचा हलला नव्हता, आणि तिला त्याचं केवढं समाधान वाटत होतं. ठिपका म्हणजे तिचे वडील, दिनकरराव. वय अठ्ठ्याहत्तर, मुक्काम ताडकळस, घरात एकटे. ती परभणीत, विद्यापीठाच्या कचेरीत नोकरीला. एसटीने तासाभराचं अंतर. पण हातात ठिपका आला की माणूस एसटीचा रस्ता विसरतो, तसं तिचं झालं होतं.

माघात दिनकरराव बाजाराला म्हणून निघाले आणि वाट चुकून पार पूर्णेच्या रस्त्याला लागले. तेव्हा तिने नवा मोबाईल आणून त्यांच्या बंडीच्या खिशात घातला आणि अंगावेगळा करायचा नाही, अशी ताकीद दिली.

अडचण घराची होती. जुनं माळवद, छतावर हातभर माती, भिंती त्याहून जाड. उन्हाळ्यात आत माठासारखा गारवा, पण उपग्रहाचा सिग्नल काही त्या मातीतून खाली उतरत नसे. दिनकरराव आत गेले की ठिपका भरकटायचा; कधी शाळेजवळ, कधी ओढ्यात. एप्रिलच्या शेवटी तो भर दुपारी विहिरीवर जाऊन थांबला. पंकजा साहेबांसमोरून उठली आणि शेजारच्या सुलाबाईला फोन केला. सुलाबाई अनवाणी विहिरीपर्यंत धावली. दिनकरराव घरात घोरत होते.

कचेरीत हसू झालं. पंकजाने तो राग बापावर काढला. वड्याचं तेल वांग्यावर, दुसरं काय.

"बाबा, तुमी माळवदाखाली दिसतच न्हाईत. मोबाईलला वरून मोकळं आभाळ लागतंय. जरा उघड्यावर बसत जा की. इथं माझा जीव टांगणीला लागायलाय."

"बरं माय," ते म्हणाले.

त्यानंतर ठिपका अंगणात आला तो तिथंच राहिला. पंकजा बारा वाजता बघायची, दोनला बघायची, अंगणात. मे महिना, पारा चव्वेचाळीसवर, तिच्या डोक्यावर पंखा. एवढ्या उन्हात म्हातारा माणूस अंगणात काय करतो, हा साधा प्रश्न तिला पडला नाही. एवढी शिकलेली बाई, पण नाही पडला.

पाचव्या दिवशी दुपारी सुलाबाईचा फोन आला. दिनकरराव बाजेवरून खाली पडले होते, अंग तव्यासारखं तापलं होतं. गाडी करून त्यांना परभणीच्या दवाखान्यात आणलं. पंकजा धावत पोचली तेव्हा सलाईन लागलं होतं आणि डॉक्टर नीट काही सांगत नव्हते.

"तू बोललीस त्या दिसापासून दिवसभर बाहेरच होते गं," सुलाबाई म्हणाली. "आत फकस्त भाकरीपुरते. लिंबाखाली तरी सरका म्हणलं, तर म्हणले, पाल्यामुळं पोरीला दिसायचं न्हाई. मग म्हणलं, मोबाईल एकटाच ठिवा बाजंवर अन् तुमी आत बसा. तर माझ्यावरच चिडले. म्हणले, पोरीला फसवू व्हय?"

"मावशी, मला एक फोन करायचा होता."

"मी करणार होते. नको म्हणले. पोरगी कामात असती म्हणले."

पंकजा भिंतीला टेकून खाली बसली. नुसता मोबाईल बाहेर ठेवा, एवढं एक वाक्य तिला सांगता आलं असतं. चार दिवसांत एकदा एसटीत बसता आलं असतं. आता दोन्ही गोष्टी तिला धडधडीत दिसत होत्या आणि दोन्हींचा काही उपयोग नव्हता.

दिवेलागणीला दिनकररावांनी डोळे उघडले. आपण कुठं आहोत हे त्यांना कळत नव्हतं, पण लेक ओळखू आली. ओठ पार सुकले होते.

"दिसायलो का मी?" त्यांनी विचारलं.

"दिसायलात बाबा. चांगले दिसायलात."

त्यांना बरं वाटलं असावं. थोडा दम खाऊन ते म्हणाले, "मंग आता जरा आत जाऊ का?"

ते तिच्या तोंडाकडे बघत, परवानगीची वाट पाहत तसेच पडून राहिले.