योहानाच्या बाजूनं

गयासुद्दीन अकोटच्या एका जिनिंग फॅक्टरीत फिटर होते. पूर्वी दिवाळीपासून ऊन तापेपर्यंत त्यांना मान वर करायला सवड नसायची. पण त्या वर्षांत कापूसच कमी यायला लागला. जिनिंग उशिरा सुरू व्हायची, लवकर थांबायची. रिकाम्या दुपारी गयासभाई शेजारच्या भगवंतराव पाटलांकडे जाऊन बसायचे. पाटलांकडे मोठा रंगीत टीव्ही होता आणि बोलायला माणूस नव्हता.

एका जानेवारीत चॅनल बदलता बदलता पडद्यावर बर्फ दिसला. निळ्या झग्यातली, पात्यांचे बूट घातलेली चेक देशातली एक पोरगी त्यावर एका पायावर मागे मागे सरकत होती. योहाना तिचं नाव. पाटील पुढचं बटण दाबणार, तोच गयासभाईंनी त्यांचा हात धरला.

"थांबा जरा, पाटील. खडखड नाई, झटका नाई. मशीन अशी चालली पाहिजे!"

"पडली म्हंजे?"

"ते पडत नाई."

ती खरंच पडली नाही. स्पर्धेत तिसरी आली. त्या दिवसापासून दोघं तिचे झाले. इंग्रजी बडबड दोघांनाही कळत नव्हती, म्हणून नाव ज्यानं त्यानं आपल्या सोयीनं लावलं. गयासभाई तिला जोहरा म्हणायचे, पाटील जनाबाई. केबलवाला तौहीद डोक्याला हात लावायचा. "चाचा, पुऱ्या अकोटात हे चॅनल तुमी दोघंच पाहून राहिले!"

गयासभाईंच्या बायकोला, नसीमबानोला, हे प्रकरण मुळीच पसंत नव्हतं. "या वयात उघड्या पायाच्या पोरी पाहता!" म्हणत एकदा ती नवऱ्याला ओढून न्यायला आली. योहाना नाचत होती. नसीमबानो दारातच उभी राहिली, ती नाच संपेपर्यंत. मग म्हणाली, "थंडी वाजत असन बिचारीले." पुढच्या वेळी ती स्वतःची चटई घेऊन आली.

पुढच्या हिवाळ्यात योहाना पडली. मग पडतच गेली. गुडघ्याला पट्टी दिसायला लागली. सहावी आली, त्यानंतरच्या वर्षी अकरावी.

पाटील जिंकणाऱ्याच्या बाजूचे. बियाण्याचं पाकीट ते दर वर्षी बदलत, पक्ष दर निवडणुकीला. त्यांना आता साओरी नावाची एक जपानी पोरगी सापडली होती. एवढीशी, पण उडी अशी मारायची की पाटील खुर्चीतून उठायचे.

"मी आता साओरीच्या पार्टीत," त्यांनी जाहीर केलं.

"कावून? जोहरा पडली म्हणून?"

"मंग काय पडणारीसाठी टाळ्या वाजवू?"

"तिचा गुडघा दुखून राहिला, पाटील."

"मंग दवाखान्यात जाय म्हणा तिले. बर्फावर कायले येते?"

गयासभाईंनी अर्धा चहा तसाच ठेवला आणि ते उठले. मागोमाग नसीमबानोनं चटई गुंडाळली. पुढं कितीतरी महिने दोन्ही घरांत बोलणं नव्हतं.

मार्चमध्ये तौहीदनं चौकात बातमी दिली. जपानात जागतिक स्पर्धा होती, योहानाची शेवटची. आपल्याकडं दुपारी चारच्या सुमारास दिसणार. पण अकोटात तेव्हा नेमकं लोडशेडिंग. अंजनगाव सुर्जीला मात्र त्या वेळी लाइट असायची, आणि गयासभाईंची पोरगी हीना अंजनगावातच दिली होती.

नवरा-बायको एसटीनं निघाले ते थेट पोरीच्या सासरी, न कळवता.

हीनाचे सासरे हाजीसाहेब दचकलेच. पोरीचे मायबाप असे अचानक दारात, म्हणजे काहीतरी घडलंय.

"खैरियत?"

"खैरियत," गयासभाई म्हणाले आणि भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहत बसले. पोरीच्या सासरी जाऊन टीव्ही लावा कसं म्हणायचं? आत हीनानं आईला कोपऱ्यात घेतलं. "अम्मी, मी तर काईच तक्रार नाई केली!"

"तुह्या अब्बूले बर्फ पाहाचा हाये," नसीमबानो म्हणाली. हीनानं आईच्या कपाळाला हात लावून ताप पाहिला.

तेवढ्यात दारात भगवंतराव पाटील. हातात केळी, डोक्याला दुपट्टा. ते त्याच एसटीत पुढच्या सीटवर तोंड लपवून बसले होते. "इकडं काम होतं," ते छताकडं पाहत म्हणाले. "म्हटलं, हीनाले भेटून जावं."

आता हाजीसाहेबांची खात्रीच पटली. यांनी सोबत पंचसुद्धा आणला! त्यांनी गळा साफ केला. "समधीजी, काय असन ते मोकळं बोला. आमच्या पोराची चूक असन तर आमी कबूल करू."

हीनाचा नवरा दानिश पांढराफटक पडला. "अब्बू, एकदाच झालं! हिले माहेरी न्यायचं होतं अन् मी मॅच पाहत बसलो."

"म्हंजे पंखा जळला म्हणून निघता नाई आलं म्हणाले, ते खोटं?" हीना आतून ओरडली.

घड्याळात चार वाजायला आले होते. गयासभाईंना घाम फुटला. "हाजीसाहेब, मले फक्त टीव्ही पाहिजे."

हाजीसाहेबांनी टीव्हीकडं पाहिलं. तो गयासभाईंनीच हीनाच्या लग्नात दिला होता.

"परत नेता?" हाजीसाहेबांनी हळूच विचारलं.

"न्यायचा नाई जी! पाहाचा हाये!"

सगळा उलगडा व्हायला थोडा वेळ लागला. मग सासूबाईंनी स्वतःची मालिका सोडून रिमोट गयासभाईंच्या हातात दिला आणि सगळं घर सतरंजीवर बसलं.

योहाना आली. पहिल्याच उडीला पडली. उठली, दुसऱ्या उडीला पुन्हा पडली. नसीमबानोनं तोंडावर पदर धरला. तिसऱ्या उडीची वेळ आली आणि योहानानं उडी मारलीच नाही. ती नुसती मोठ्या वळणानं, हात पसरून, एका पायावर मागे मागे सरकत गेली. गयासभाईंच्या चेहऱ्यावर पहिल्या दिवसाचाच आनंद होता.

संगीत थांबलं तसे ते जोरात टाळ्या वाजवायला लागले.

"जिंकली काय?" हाजीसाहेबांनी विचारलं.

"नाई जी. शेवटून दुसरी असन."

"मंग टाळ्या?"

"आपली हाये ना," गयासभाई म्हणाले. हाजीसाहेबांनी जरा विचार केला आणि तेही टाळ्या वाजवायला लागले.

मग साओरी आली. पाटील पुढं सरकून बसले. स्वतःच्याच देशात, स्वतःच्याच लोकांसमोर ती पोरगी दबून गेली असावी. पहिल्या उडीला ती अशी आपटली की कठड्यापर्यंत घसरत गेली.

"उठ!" पाटील ओरडले. "उठ माय, काई नाई झालं! उठ!"

ती उठली, पुन्हा पडली. पाटलांनी दुपट्ट्यात तोंड खुपसलं. गयासभाई सरकून त्यांच्याजवळ गेले आणि त्यांनी पाटलांच्या खांद्यावर हात ठेवला.

"अजून लहान हाये, पाटील. शिकन."

"लय जोरानं पडली, गयासभाई."

"मी पाह्यलं."

परतीच्या एसटीत दोघं एका सीटवर बसले, नसीमबानो मागं. जिंकली होती कुणी अमेरिकन. "तिचं नाव काय होतं?" गयासभाईंनी मुद्दाम विचारलं.

"मले काय करायचं?" पाटील खिडकीबाहेर पाहत म्हणाले. "साओरीच्या पायाले लागलं काय, ते तौहीदले विचारा लागन."

योहाना त्यानंतर कधी दिसली नाही. पाटलांनी त्या खरिपात पुन्हा नवं बियाणं घेतलं, पुढच्या निवडणुकीत पक्षही बदलला. साओरी मात्र सोडली नाही. हिवाळ्यात तौहीद ते चॅनल काढायला निघाला, तेव्हा पाटील त्याच्याशी भर चौकात भांडले आणि गयासभाईंनी त्याची शिडी धरून ठेवली, खांबावर चढूच दिलं नाही.

साओरी त्या वर्षी नववी आली. पाटलांनी गल्लीत पेढे वाटले.