कनूची फिरकी

कनूच्या दम्याच्या औषधाला घरात सगळे फिरकीच म्हणत. बोटाएवढी प्लॅस्टिकची नळी. तिच्यात कॅप्सूल बसवायची, बाहेरची बाजू खालीवर करून टोचायची, आणि कनूनं नळी तोंडात धरून श्वास जोरात आत ओढायचा. कॅप्सूल आत गरगरायची, पूड छातीत जायची. वरून घोटभर पाणी. दिवसातून चार वेळा.

"आई, तोंडात भुंगा शिरला," सात वर्षांची कनू दर खेपेला हसायची, आणि मृदुलाचा जीव तेवढ्यापुरता भांड्यात पडायचा.

चिंचवडच्या औषधाच्या दुकानातल्या मीरासाहेबांनी पहिल्याच दिवशी नवरा-बायकोला समोर उभं करून सांगितलं होतं, "ताई, ही गिळायची न्हाई. आन् दम लागल्यावर तर हिचा काय उपेग न्हाई. ह्यो राखणदार हाय. चोर यायच्या आधीपासनं दारात बसला पायजे. चोर घरात घुसल्यावर त्याला उठवून काय करणार? तवा डॉक्टरांची दुसरी गोळी, न्हाईतर सुई. आन् पोरगी बरी दिसती म्हणून बंद करू नका. ती बरी हाय ती ह्याच्यामुळंच."

नंदकिशोरनं तेव्हा अगदी शहाण्यासारखी मान डोलावली होती.

पहिले तीन आठवडे काही फरक पडला नाही. मग हळूहळू छातीतली घरघर गेली. पाच महिने कनू कॉलनीच्या मैदानात पोरींबरोबर लंगडी खेळली.

आणि अरुंधतीचं लग्न ठरायच्या तोंडावरच कॅप्सुली संपल्या. अरुंधती म्हणजे नंदकिशोरची धाकटी बहीण. साताऱ्याची मुलाकडची मंडळी रविवारी लग्नाच्या बोलणीला यायची होती.

"अहो, आज आणल्यात?" मृदुला रोज दारातच विचारायची. फर्स्ट शिफ्ट करून आलेला नंदकिशोर बूट काढता काढता सांगायचा, "माल नाही गं. मीरासाहेब म्हणाले, येईल आठवड्याभरात."

"मीच जाऊन येते."

"तू कशाला उन्हातान्हात? मी आहे ना!"

तो आहेच, म्हणून ती गेली नाही. सासूबाई म्हणाल्या, "बघ, राहिली ना पोर बरी? उगाच आपलं सारखं फिरकी, फिरकी." मृदुलालाही क्षणभर वाटलं, असेल बाई बरी.

रविवारी दुपारी साताऱ्याची मंडळी बैठकीत पोहे खात होती. मोरीशेजारी कनू भिंतीला टेकून बसलेली मृदुलाला दिसली. खांदे वर चढलेले, गळ्याखालची खळगी दर श्वासाला आत जात होती.

"अहो!" मृदुला ओरडली.

नंदकिशोर धावत आला, पोरीकडे पाहिलं, आणि तसाच आतल्या खोलीत गेला. स्टूल ओढल्याचा आवाज आला. तो परतला तेव्हा त्याच्या हातात कॅप्सुलींचा डबा होता. नवा, न फोडलेला.

"ओढ बाळा! ओढ जोरात!" घाईघाईनं भरलेली फिरकी त्यानं कनूच्या तोंडाला लावली. पण ओढायला श्वास होताच कुठं? पूड घशात बसली, आणि पोर खोकून खोकून निळी पडायला आली.

मृदुलानं फिरकी हिसकावली. कनूला उचलून ती बैठकीतूनच, पाहुण्यांच्या पायांवरून वाट काढत बाहेर पडली. "रिक्षा आणा!" एवढंच ती म्हणाली.

दवाखान्यात सुई दिल्यावर तासाभरानं कनूचा श्वास खाली बसला. बाकावर दोघं शेजारी.

"कधी आणलात?"

नंदकिशोर फरशीकडे बघत राहिला. "संपल्या त्याच दिवशी. आई म्हणाली, पाहुण्यांसमोर नको. घरात दमा आहे म्हटलं की अरूचं लग्न मोडेल. मला वाटलं, चार दिवसांचाच प्रश्न. आणि अडीनडीला डबा आहेच की कपाटावर."

"अडीनडीला चालत नाही ते. तुमच्यासमोर सांगितलं होतं मीरासाहेबांनी."

"लक्षात नाही राहिलं गं."

"आणि रोज दारात मी विचारत होते, तेव्हा?"

आठवडाभर त्याचे बूट बाजूला ठेवताना, पाण्याचा तांब्या त्याच्या हातात देताना, आपण त्या माणसाच्या तोंडाकडे किती भरवशानं बघत होतो, ते मृदुलाला आठवलं. डबा तिच्या डोक्यावरच, आतल्या खोलीतल्या कपाटावर होता. त्याच खोलीत ती कनूची वेणी घालायची.

डॉक्टरांनी बजावलं, दम पुरता बसला की फिरकी पुन्हा रोज, पहिल्यापासून. पुन्हा लागू पडायला आठवडे जातील. तोवर दुसरी गोळी हाताशी.

तिसऱ्या दिवशी साताऱ्याची मंडळी होकार-नकार सांगायला आली. मृदुलानं कनूला त्यांच्यासमोर बैठकीतच मांडीवर घेतलं, फिरकी भरली. सासूबाईंनी डोळ्यांनी आत जाण्याची खूण केली. कनूनं ती पाहिली.

"आई, लपवायची का?"

"नाही. ओढ."

भुंगा गुणगुणला. नंदकिशोर पाणी घेऊन पुढं आला. मृदुलानं पेला त्याच्या हातून घेतला नाही. ती उठली, कनूचा हात धरून माठाशी गेली, आणि पाणी स्वतःच भरलं.