वलांडीवरचं पातं

"दोरी सोड! सोड बोलते ना, निम्या! बोंबील मातीत जातील!" जमनाकाकी मागनं ओरडली.

"जाऊ देत मातीत."

"तुज्या बापानं सुकवलेत?"

"बापावर जाऊ नको हां, काकी!"

आन् मी रागानं असा हिसका दिला की बोंबील सुकवायची अख्खी वलांडी कलंडली. तिचा एक बांबू आधीच तडकलेला, तो कडाकन मोडला. चार ओळी बोंबील वाळूत. कावळे लगेच हजर. त्या तडकलेल्या बांबूला काथ्यानं जे बांधलेलं होतं ते माज्या हातात राहिलं. दीड हात लांब पातं. पांढरं, टोकाला लाल पट्टा. आठ दिवस आमी त्याच्या जोरावर बोंबील सुकवत होतो.

पयल्यापासून सांगतो, नायतर मलाच कळत नाय कवा काय झालं.

पुनवेला दुपारी साडेबाराला हेलिकॉप्टर पडलं. बोटीवर मी, दादूकाका आन् आमचा खलाशी बळवंत. नववीत शाळा सोडली तवापासून मी काकाच्याच बोटीवर. भरती संपून पाणी थांबलेलं. पाणी थांबलं की डोल उचलायची, त्या पिशवीसारख्या जाळ्यातली मासळी काढायची, रिकामी डोल परत तिथंच सोडायची. आमी रिकामी डोल सोडली आन् डोक्यावरनं ते गेलं. डहाणूकडनं आलेलं, मुंबईकडं चाललेलं. गरगर फिरत होतं, भवऱ्यावाणी. तसंच फिरत पुढं गेलं आन् खडकाजवळ पाण्यात आपटलं.

आमीच पयले पोचलो. आत पायलट एकटाच. धीरज त्याचं नाव, ते मागनं कळलं. काकानं त्याला बोटीत घेतलं आन् अंगातलं जाकीट काढून त्याच्या तोंडावर टाकलं.

तिथनं सगळा घोळ. चौकशीवाले साहेब आले, दिल्लीचे. ज्याला इचारावं तो येगळंच सांगतो. बळवंत बोलतो आग लागलेली. शेजारची सुलूआत्या बोलते कसली आग, आवाजच बंद पडला. चिकूच्या वाडीतले बोलतात झाडांना घासून गेलं. मी बोललो गरगर फिरत होतं. साहेब बोलले, "गिरते टाइम सब घूमता है, बेटा." बेटा! माजं डोकं सणकलं. मी उठून निघूनच आलो.

साहेबांचं एकच. पायलट मुद्दाम खाली आला, पाण्याचा अंदाज चुकला. खाली का आला? तर बहीण किनाऱ्यावर उभी होती म्हणून.

आन् बहीण खरंच उभी होती. तीच तर गोची हाय. उत्कर्षाताई. सरावलीला भाड्यानं राहते, बोईसरच्या कंपनीत लॅबमध्ये कामाला. सकाळी धीरजचा फोन आला, किनाऱ्यावर ये, तुज्या डोक्यावरनं जातो. ती रात्रपाळी करून, न झोपता, बोईसरवरनं रिक्षा करून आली आन् हात हलवत उभी राहिली. आता रोज येते. बंधाऱ्यावर बसते, येईल त्याला इचारते, "तो माझ्यासाठी खाली आला का हो?" मला तीनदा इचारलं. तिसऱ्यांदा मी खेकसलो, "आमाला काय म्हाईत? आमी काय वर बसलेलो?" तर तीच मला सॉरी बोलली.

आज सकाळी साहेबांनी सगळ्यांना फोटो दाखवले. शेपटीच्या पंख्याला दोन पाती असतात. एक सांगाड्याला मिळालं, लाल पट्ट्याचं. दुसरं नाय मिळालं, गाळात गेलं असंल, बोलले. पण तो लाल पट्टा मी कुठंतरी बघितलेला. कुठं ते काय डोक्यात येईना. घरी येऊन वलांडीखालनं वाकून जात होतो, तवा काथ्याच्या आडनं लाल दिसलं.

"अरे ते कुठल्यातरी कारखान्याच्या पंख्याचं," काकी बोंबील वेचत बोलली. "डोलीत आलेलं, त्याच दिवशी संध्याकाळी. मीच बोलली बांध म्हणून."

काकी खोटं नव्हती बोलत. डोलीत काय काय येतं. पिंप, पायपा, हातमोजे, एकदा तं अख्खी खुर्ची आली. कामाचं असंल ते ठेवायचं, बाकीचं फेकायचं. कोण बघत बसतंय?

दादूकाका जाळं शिवत होता. उठला, पातं हातात घेऊन उलटंपालटं केलं. त्याचं तोंडच उतरलं. चार दिवसांमागं पोलिसांनी घरोघरी कागद फिरवलेला, आमच्याकडं एकपण तुकडा नाय म्हणून. त्याच्यावर काकाची सही.

"परत बांध," काका बोलला. "बोट अडकवून ठेवतील. मोसम जाईल."

"काका, हे संध्याकाळीच आलं ना डोलीत?"

"मंग कवा?"

"दुपारी आपण रिकामी डोल सोडली. मंग ओहोटी लागली. ओहोटीचं पाणी कुठनं येतं?"

"डहाणूकडनं. शेंबड्या पोराला म्हाईत हाय."

"आन् हेलिकॉप्टर पडलं डोलीच्या पुढं, मुंबईच्या अंगाला. तिथला तुकडा ओहोटीत उलटा चढून आपल्या डोलीत आला?"

काकीचा हात थांबला. "नाय येणार," ती हळूच बोलली. "तो तं मुंबईकडं, सातपाटीच्या अंगाला जाईल."

"मंग हे आधीच गळलं. पाठी, डहाणूच्या बाजूला. म्हणून ते गरगर फिरत होतं."

बोललो खरा, पण माजंच मला पटेना. पातं गळलंच का? पायलटची चूक का मशीनची? आन् बहिणीला बघायला तो थोडा खाली आलापण असंल. दोन्ही खरं असू शकतं का? मला खरंच कळत नाय.

"तूच सांग जाऊन साहेबाला," काका बोलला. "तुला लय अक्कल."

"मला बेटा बोलतो तो. डोल तुजी हाय, काका. कवा सोडली, कवा उचलली, तू सांगायला पायजे."

"आन् सही?"

"त्याच्या तोंडावर जाकीट टाकलंस तवा सही आठवली होती?"

काकानं फाडकन माज्या कानाखाली मारली. आन् घरात गेला. आता हे हो समजायचं का नाय?

"झालं समाधान?" काकी बोलली. तिनं पातं उचललं, पदरानं त्याची वाळू पुसली आन् आत नेऊन ओट्यावर ठेवलं.

तवापासून ओसरीत बसून हे लिहितोय. साहेबांसमोर डोकं सणकलं तं मी उलटंसुलटं बोलीन, कागदावर असलं तं निदान वाचता येईल. एक गाल अजून गरम हाय.

बाहेर रिक्षा थांबली. काका आत बसलाय, मागच्या दारानं कवा गेला कळलंच नाय. फक्त लग्नाकार्याला घालतो ती पँट चढवलीय. मांडीवर पंच्यात गुंडाळलेलं काहीतरी लांब. "निम्या, कोळगावला पोचेपर्यंत साहेबाचं हापिस बंद होईल!" ओरडतोय. तिकडं बंधाऱ्यावर ताई बसलेली दिसते. तिला आता सांगू का येताना? आन् सांगू तरी काय? काका परत हाका मारतोय. मला आता जायला पायजे.