आत काय आहे ते आधी सांगा

कुलूप कितीही साधे असो, ते उघडण्यापूर्वी चावीवाले एक प्रश्न विचारीत, आणि तो प्रश्न त्यांच्या दुकानाच्या पाटीपेक्षाही अधिक प्रसिद्ध होता: "आत काय आहे ते आधी सांगा." कपाट असेल तर वरच्या कप्प्यात काय, पेटी असेल तर तळाशी काय. जो खरा मालक असे, तो चिडे, पण सांगे. जो मालक नसे, तो आधी गोड बोले, मग घाई करी आणि शेवटी निघून जाई. ह्या नियमापायी त्यांनी एकदा प्रत्यक्ष मुलीच्या सासऱ्यांना त्यांच्याच कपाटापुढे ताटकळत ठेवले होते, आणि कप्प्यात केसांचा कलप आहे ही कबुली चार नातेवाइकांसमक्ष वदवून घेतली होती. तेव्हापासून व्याही त्यांच्याशी बोलताना हनुवटी जरा वरच धरीत.

असे हे सावधपणाचे मेरुमणी एके दुपारी कानस घेऊन चावी घासत बसले असता फोन वाजला.

"वसुली विभागातून बोलतोय," पलीकडचा माणूस खोकून म्हणाला. "तुमचं कर्ज थकलंय. संध्याकाळपर्यंत भरलं नाहीत तर अटकेचा कागद निघेल."

"मशीनचं कर्ज? ते तर मी केव्हाच फेडलं!"

"हां, मशीनचंच. फेडलं असं तुम्हाला वाटतं, काका. व्याज कुठे जातं? बरं, आमच्याकडे तुमच्या नातेवाइकांचे नंबर आहेत. मुलीच्या सासऱ्यांपासून सुरुवात करू का?"

अटकेच्या नावाने चावीवाले डगमगले नाहीत; तुरुंगालाही शेवटी कुलूपच असते. परंतु व्याह्यांची ती हनुवटी डोळ्यांपुढे उभी राहताच त्यांनी कानस खाली ठेवली.

"किती भरायचे?" त्यांनी क्षीण स्वरात विचारले.

"खात्यात किती आहेत?"

"बायकोच्या गुडघ्याच्या ऑपरेशनला ठेवलेत, तेवढेच."

"मग तेवढ्यातच मिटवू. तुम्ही भले माणूस दिसता."

एवढी उदारता तर सख्ख्या भावानेही कधी दाखवली नव्हती. कृतज्ञतेने चावीवाले चष्मा शोधू लागले. पैसे पाठवायचे तर आकडे दिसायला हवेत. इतक्यात दुकानामागच्या खोलीतून भिंत धरत धरत त्यांची पत्नी बाहेर आली.

"कुणाला पाठवताय हो पैसे?"

त्यांनी फोनवर तळहात दाबला आणि सारी हकिकत सांगितली.

"मशीनचं कर्ज हे त्याने सांगितलं, की तुम्ही?"

चावीवाल्यांनी फोनवरचा तळहात आणखी घट्ट दाबला.

"धन्य आहे तुमची! सख्ख्या व्याह्याला चारचौघांत कलपाचं नाव घ्यायला लावलंत, आणि ह्या खोकल्याला सगळं घर सताड उघडून देताय? विचारलंत का त्याला आत काय आहे ते? माझा गुडघा आहे आत!"

वर्मी लागलेला घाव माणसाला एकतर आडवा पाडतो, नाहीतर ताठ बसवतो. चावीवाले ताठ बसले.

"साहेब, मशीन कसलं होतं?"

खोकला. "पडताळणीसाठी ते तुम्हीच सांगायचं असतं."

"बँक कुठली?"

"काका, वेळ घालवू नका."

"मग सगळं लिहून पत्र पाठवा. वाचतो आणि भरतो."

"पत्रबित्र काही नाही! आत्ताच्या आत्ता भरा. फोन ठेवायचा नाही, आणि घरात कुणाला सांगायचं नाही!"

आधी गोड, मग घाई. हे गाणे चावीवाल्यांनी दुकानाच्या फळीवर अनेकदा ऐकले होते. त्यांनी फोन ठेवला.

"आता बँकेला विचारा," पत्नी म्हणाली. "त्याने दिलेल्या नंबरावर नव्हे. पासबुकावर छापलाय त्या."

बँकेतल्या बाईंनी सांगितले की कर्ज पूर्ण फिटलेले आहे, एक पैसाही येणे नाही. फोन आला तो नंबर ब्लॉक करा आणि पोलिसांच्या सायबर विभागाकडे तक्रार द्या, असेही त्या म्हणाल्या. गुडघा वाचला. अब्रूचे मात्र अद्याप काही खरे नव्हते, कारण तेवढ्यात फोनवर त्या माणसाचा निरोप आला: "आता सासऱ्यांना फोन लावतो."

"लावू दे. त्याच्या आधी तुम्ही लावा," पत्नी म्हणाली.

चावीवाल्यांनी फोन लावला. "व्याहीबुवा, मी कर्जबुडव्या आहे असं सांगणारा एक फोन येईल तुम्हाला. विश्वास ठेवू नका. भामटा आहे तो."

हनुवटी खाली आल्याचा आवाज फोनवरून येत नाही, हे विज्ञानाचे न्यून होय.

"तो बोलताना मधेमधे खोकतो का हो?" व्याह्यांनी हळूच विचारले.

"खोकतो."

"काल मलाही आला होता. नातेवाइकांना सांगेन म्हणाला. सुरुवात तुमच्यापासून करणार होता."

"मग?"

"मग काय! तुमच्यापुढे मान खाली जायला नको, म्हणून भरले. त्याच्या आधी जामीन कोण म्हणून त्यानं विचारलं, तेव्हा तुमचं नाव-नंबरही मीच दिला होता."

म्हणजे दोन प्रतिष्ठित गृहस्थ एकमेकांच्या धाकाने लुटले जात होते. चोराला बिचाऱ्याला खोकण्यापलीकडे काही श्रमच नव्हते. चावीवाल्यांना हसू आले होते, पण कलपाची आठवण ठेवून त्यांनी ते गिळले.

"असेच निघून या. आधी तुमच्या बँकेला कळवू, मग दोघे मिळून तक्रार देऊ. पैसे परत मिळतील की नाही देव जाणे, पण उशीर केला तर नक्कीच नाही मिळणार. विहीणबाईंना ठाऊक आहे?"

"छे! तुम्हीही कुणाला सांगू नका हं."

"कुणाला सांगू नका, असं तोही म्हणाला होता," चावीवाले म्हणाले.

मग व्याह्यांचा आवाज आला, पण फोनमध्ये बोललेला नव्हे, घरात आतल्या बाजूला विहीणबाईंना हाक मारणारा: "अगं, ऐकलंस का? जरा इकडे ये. तुला एक सांगायचंय."